दोन पावलांचं क्रियापद

प्रिय मिहिर आणि रेवा,

जुलैत तुम्ही सोलापूरला याल तेव्हा शेजारचे गाजुल मास्तर तुम्हांला आधी वजन विचारतील. ख्यालीखुशाली त्यानंतर. घाबरू नका, आणि "आजी, हे असं का विचारतात?" असं त्यांच्यासमोर इंग्रजीत विचारू नका. त्यांना इंग्रजी बोलता येत नाही, पण ऐकलेलं थोडंफार कळतं. मिहिर, तू खरं वजन सांग. ते ऐकून मान हलवतील आणि "गेलं" म्हणतील. म्हणजे तू नापास झालास, पण त्यात तुझी काही चूक नाही. रेवा, तुझ्याकडे ते जरा जास्त वेळ बघतील. त्याचं कारण तुम्ही यायच्या आत सांगून ठेवावं म्हणून हे पत्र. कारण या सगळ्या प्रकरणाचा उलगडा तुझ्यामुळे झाला आणि तेव्हा तू चार वर्षांची होतीस.

पत्र मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुमच्या रविवारच्या मराठी वर्गाची गाडी कुठवर आली आहे मला माहीत नाही. अडलं तर आईला विचारा. हीच गोष्ट मी एकदा इंग्रजीत लिहून पाहिली होती. तिचं काय झालं ते पुढे येईलच.

मास्तरांचं पूर्ण नाव मल्लय्या गाजुल. ते शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांनी उभा जन्म जकार्डची कार्डं पंच केली. तुमच्या पलंगावर मोराची चादर आहे ना, तो मोर मागावर आपोआप उमटत नाही. आधी तो चौकटीच्या कागदावर काढतात. मग विणायच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याच्या लांब पट्टीला भोकं पाडतात. भोक कुठे आहे आणि कुठे नाही, यावरून मागाला कळतं की कोणता धागा उचलायचा. एका मोराला पट्ट्यांची भली मोठी माळ लागते, आणि एक भोक चुकलं तर मोराची मान मोडते. आपल्या मोराची मान कधी मोडली नाही, असं मास्तर सांगतात. सोलापूरच्या पूर्व भागातले जुने विणकरही तेच सांगतात, तेव्हा खरं असावं.

त्यांना कुणी नाव विचारलं की ते उजव्या हाताचं बोट स्वतःच्या नाकाला लावतात आणि म्हणतात, "अमु मल्लय्या." फोनवरसुद्धा. फोनवर बोट दिसत नाही, हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं.

"माहीत हाय की, मॅडम," ते म्हणाले. "पण बोट लावल्याबिगर 'मी' पुरा होत न्हाई."

बँकेत गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. मास्तरांनी नाकाला बोट लावलं. ती म्हणाली, "आजोबा, नाक नको, आधार कार्ड दाखवा." मास्तर घरी येऊन मला म्हणाले, "तीन हजार वर्सांमागं हेच आधार कार्ड हुतं."

'अमु' म्हणजे 'मी'. ही लुवियन भाषा. आज जिथे तुर्कस्तान आहे तिथे तीन हजार वर्षांपूर्वी ती बोलत असत. दगडावर कोरताना अक्षरांऐवजी चित्रं काढत: हात, पाऊल, बैलाचं डोकं. आणि 'मी' लिहायचा तर स्वतःकडे बोट दाखवणारा माणूस. आता ती भाषा कुणी बोलत नाही. सोलापुरात एक जण बोलतो, तेही एकच शब्द.

ही भाषा त्यांच्या घरात शिरली ती एका वॉल हँगिंगमुळे. परदेशी माल पाठवणारा एक व्यापारी एका कोरीव दगडाचा फोटो घेऊन आला. त्याला भिंतीवर टांगायला तसंच कापड विणून हवं होतं. नक्षीचा नकाशा काढणाऱ्याने चौकटीच्या कागदावर सगळी चित्रं नीटनेटकी एका दिशेला तोंड करून बसवली, कारण फोटोत ती एका ओळीत उजवीकडे तर पुढच्या ओळीत डावीकडे बघत होती, आणि ते त्याला गबाळं वाटलं. मास्तरांनी कार्डं पंच करायला साफ नकार दिला.

"अरे, ही चूक न्हाई," त्यांनी त्याला सांगितलं. "धोटा फिरलाय."

धोटा म्हणजे विणताना आडवा धागा घेऊन धावणारी लाकडी नाव. ती डावीकडून उजवीकडे जाते, काठाला पोचली की उजवीकडून डावीकडे येते. त्या दगडावरचं लिखाणही तसंच जातं आणि तसंच परत येतं. व्यापाऱ्याने फोटोबरोबर एक इंग्रजी पुस्तकही दिलं होतं. पुढे बऱ्याच काळाने त्यातून मी ते वाचून दाखवलं तेव्हा मास्तरांना जराही नवल वाटलं नाही. "विणकराबिगर कोन लिवनार असं?" एवढंच म्हणाले. वॉल हँगिंग कधी विणलं गेलंच नाही, व्यापारी पुन्हा आला नाही. पुस्तक मात्र राहिलं, आणि मास्तर कामातून मोकळे झाले तेव्हा त्यांच्याकडे ते पुस्तक होतं आणि शेजारी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका होती. तुमचे आजोबा म्हणतात की यातल्या दुसऱ्या गोष्टीची मास्तरांनी आधीच चौकशी करून ठेवली असणार.

तेव्हापासून 'धोटा फिरला' हे त्यांचं पालुपद. वारा बदलला, धोटा फिरला. नगरसेवकाने पक्ष बदलला, धोटा फिरला. मी चहात साखर कमी केली तरी धोटाच फिरतो.

आता त्यांच्या भिंतीविषयी सांगते. तुम्हांला ठाऊक आहे की मला अर्धवट काम बघवत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आपलं आणि मास्तरांचं घर मी एकदमच रंगवायला काढलं. रंगारी आपले नेहमीचे सलीमभाई. काम संपल्यावर मी वही घेऊन दोन्ही घरं तपासली. मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत, विजेच्या बटणांच्या पाटीखाली, वीतभर रुंद आणि दोन विती उंच असा तुकडा जुन्याच रंगाचा राहिला होता. मी सलीमभाईंना बोलावलं.

"मॅडम, मैं नै हात लगाता उसकू," ते म्हणाले. "नीचे पढो तुम."

वाकून वाचलं. त्या तुकड्याखाली पेन्सिलीने, मास्तरांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'जो हे पुसेल त्याचं नाव वादळाचा देव पुसो.'

लुवियन लोकांची ही पद्धत. दगडाच्या शेवटी, हे पुसणाऱ्याचं वाटोळं होवो, असं ते लिहून ठेवत. मी मास्तरांना म्हटलं, "मास्तर, हे काय?"

"शिलालेख हाय."

"हा डाग आहे."

"वाचता येत न्हाई तोवर समदे शिलालेख डागच असत्यात, मॅडम."

मी वहीत लिहिलं, 'गाजुल, बाहेरची खोली: पूर्ण, तुकडा सोडून,' आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्याकडे गेले की त्या तुकड्याकडे पाठ करून बसले.

आता मूळ गोष्ट. त्या पुस्तकात एक क्रियापद आहे. ते फक्त तीन दगडांवर सापडलं आहे. तिन्ही ठिकाणी त्याच्याआधी दोन पावलं कोरलेली आहेत, म्हणजे हे पायांनी करायचं काम, एवढं नक्की. पहिल्या दगडावर एक राजा शत्रूच्या देशाबाबत ते करतो. दुसऱ्यावर बैल शेताबाबत करतात. त्यावरून पंडितांनी अर्थ लावला, तुडवणं. इथवर ठीक. तिसरा दगड मात्र एका म्हाताऱ्या बाईचा आहे. ती खूप वर्षं जगली, तिला मुलं झाली, नातवंडं झाली, आणि नातवंडांनी तिला… तेच क्रियापद. दोन पावलं. पुस्तकात तिथे अर्थ नाही, नुसती दोन प्रश्नचिन्हं आहेत. खाली बारीक अक्षरात एक अंदाज दिला आहे: पुरल्यावर नातवंडांनी वरची माती पायांनी दाबली असावी.

ही दोन प्रश्नचिन्हं मास्तरांच्या डोक्यात गेली ती गेलीच. मंडईत भाजीवालीला ते विचारत, "नातवंडं आजीला पायानं काय करत्यात गं?" ती म्हणे, "लाथा घालत्यात, आनि काय?" मास्तर ते लिहून घेत. दोन वर्षं त्यांचं मत असं होतं की म्हातारी विणकरीण असणार आणि नातवंडं तिच्या मागाच्या पावड्या, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्या, मारत असणार. त्यांच्या सांगण्यावरून मी जर्मनीतल्या एका प्राध्यापिकाबाईंना तसं इंग्रजीत लिहिलं. बाई या भाषेची नवी शब्दसूची करत होत्या. त्यांचं उत्तर आलं, अगदी सभ्य. दगडावर मागाचा कुठेही उल्लेख नाही, असं त्यात होतं. मास्तर दोन दिवस बाहेर पडले नाहीत.

मग तुम्ही आलात. रेवा, तू चार वर्षांची. माझी कंबर धरली होती. मी सतरंजीवर पालथी पडले आणि तू कपाटाची मूठ धरून माझ्या पाठीवर चढलीस. इकडून तिकडे चालत होतीस आणि कसलंसं इंग्रजी गाणं म्हणत होतीस. मिहिर बाजूला बसून फेऱ्या मोजत होता आणि तू दर वेळी त्याच्याशी भांडत होतीस. मास्तर पेपर मागायला आले ते दारातच उभे राहिले. मी खालूनच म्हटलं, "पेपर टेबलावर आहे." मास्तर पेपर न घेता निघून गेले.

तासाभराने परत आले.

"मॅडम, मगा पोरगी काय करत हुती?"

"माझी पाठ तुडवत होती."

"काय करत हुती?"

"पाठ तुडवत होती, मास्तर. कंबर धरली आहे माझी."

"तुडवत." ते खुर्चीत बसले. "बैल शेत काय करत्यात?"

"तुडवतात."

"राजा शत्रूला?"

"तुडवतो."

"आणि नात आजीला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. "तुडवते."

"धोटा फिरला, मॅडम," मास्तर म्हणाले. यावेळी हळू म्हणाले. मग म्हणाले, "आमच्या तेलुगूत बी तेच की. तोक्कु. शत्रूला तोक्कु, सायकल तोक्कु, ताताची, म्हंजे आज्याची, कंबर तोक्कु. उभा जलम पंचिंग मशीनची पावडी तुडवली मी, आणि हे एक सुचलं न्हाई."

तुमचे आजोबा आतून म्हणाले, "म्हणजे आता आमच्या हिच्या पाठदुखीवर जर्मनीत संशोधन होणार."

त्या संध्याकाळी मी प्राध्यापिकाबाईंना दुसरं पत्र लिहिलं, आणि इथे माझी चूक झाली. मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलींच्या वह्यांमध्ये लाल शाईने गोल केले. 'तुडवणं' म्हटल्यावर शब्दकोशातला पहिला शब्द मी उचलला, ट्रॅम्पल. आणि लिहिलं की आमच्या भागात नातवंडं आपल्या आज्यांना नियमित ट्रॅम्पल करतात, ही पद्धत जुनी आहे, आणि आज्यांना ते आवडतं.

पाच दिवसांनी उत्तर आलं. बाईंनी फार जपून लिहिलं होतं. ही माहिती आपल्याला अगदी नवीन आहे. ही एखादी शिक्षा आहे का. आणि त्या वेळी आजी जिवंत असते का?

मी ते मास्तरांना मराठीत सांगितलं.

"तुमच्या इंग्लिशनं म्हातारीला मारलं की, मॅडम."

मला खरोखर वाईट वाटलं. शब्दसूची महिनाअखेरीला छपाईला जाणार होती. मी लगेच दुरुस्तीचं पत्र पाठवलं. यावेळी एक शब्द शोधत बसले नाही, सरळ जे घडतं ते लिहिलं: माणूस पालथा झोपतो, मूल अनवाणी पाठीवर चढतं, हळूहळू चालतं, दुखणं कमी होतं. बाईंचा सूरच बदलला. त्यांनी प्रश्नांची यादी पाठवली. मूल किती वर्षांचं? वजन किती? तोल जाऊ नये म्हणून कशाला धरतं? कोण कुणाला सांगतं? ही पद्धत किती घरांत आहे? आणि मूल हे काम करायचं कधी थांबवतं?

मास्तर अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून उत्तरं सांगायला आले. मी टाइप करत होते.

"वजन?"

"अठरा किलो."

"अठराच कसं? सोळा नाही, वीस नाही?"

"सोळा कळत न्हाई, इसाला दुखतंय. अठरा बराबर हाय."

"धरतं कशाला?"

"भितीला."

पण मग त्यांनाच शंका आली की एका घरावरून पुरावा होत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आपल्या सोसायटीच्या फाटकाशी उभे राहून शाळेतून येणाऱ्या मुलांना वजनं विचारू लागले. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची कविता माझ्याकडे आली, कारण सोसायटीची सेक्रेटरी मी.

"मॅडम, ते गाजुल काका पोरांना वजनं इचारायलेत. काय चाललंय काय त्यांचं?"

मी तिला बसवलं आणि दहा मिनिटं लुवियन भाषा, तीन दगड आणि दोन पावलं समजावून सांगितली. तिचा चेहरा ऐकताना कोरा होता. मग एकदम म्हणाली, "मग असं सांगायचं की आधी! आमच्या वैरागला, माहेरी, अण्णांचं अंग मीच तुडवायची. दिवसभर अडतीत पोती उचलून यायचे. तुडवलं की लिमलेटची गोळी. माझी धाकटी बहीण गोळी आधी घ्यायची आन् पळून जायची."

ती लिमलेटची गोळीसुद्धा जर्मनीला गेली. तेव्हापासून वजन विचारायची सवय मास्तरांना जी लागली ती लागली. पुरावा गोळा होऊन गेला तरी ते थांबलेले नाहीत.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र मास्तर टाळत होते. मूल कधी थांबतं, ती ओळ कोरीच होती. महिना संपत आला. एका दुपारी मी पत्राचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं.

मास्तर बाहेरच्या खोलीत भिंतीलगत पालथे पडले होते. पाठीवर, कमरेच्या जरा वर, ज्वारीच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी.

"मास्तर!"

"घाबरू नका. प्रयोग हाय. दोन पाय, दोन पिशव्या. नऊ नऊ किलो."

"ठेवल्या कशा तुम्ही?"

"ठेवता आल्या. काढता येईनात. मगापासनं पडलोय."

मी एकेक पिशवी उतरवली. ते तरी उठले नाहीत. गाल सतरंजीवर टेकवून तसेच पडून राहिले.

"वजन बराबर हाय, मॅडम," म्हणाले. "पण हलत न्हाई."

बसायला जवळ काही नव्हतं म्हणून मी तिथेच जमिनीवर बसले, आणि बसल्यावर तो तुकडा माझ्या डोळ्यांच्या थोडा वर, अगदी समोर आला. इतकी वर्षं मी त्याच्याकडे पाठच केली होती; वाकले होते तेव्हाही फक्त खालची ओळ वाचली होती. तो डाग नव्हता. बोटं होती. छोटी, मशीनच्या तेलात काळी झालेली बोटं. खालची अगदी लहान आणि पुसट, त्यांच्यावर जरा मोठी, त्यांच्यावर आणखी मोठी. ओळीवर ओळ. पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या मुलाचा हात जिथे पोचतो, बरोबर तिथे.

मास्तरांना एक नात आहे, श्रावणी. त्यांचा मुलगा सुरतेच्या मिलमध्ये मेकॅनिक आहे. इथली मिल बंद पडल्यावर तो बायकोला आणि मुलीला घेऊन गेला. हे मला माहीत होतं. ती किती वर्षांची असताना गेली ते मी कधी विचारलं नव्हतं.

"गेली तवा अठरा किलो हुती," मास्तर सतरंजीवरूनच म्हणाले. "मशीनचं तेल पुसत बसायची माझ्याजवळ. हात तसलेच. मग 'ताता, झोप' म्हणायची."

"आणि कधी थांबतं?" मी विचारलं. "ती ओळ राहिली आहे."

"लिवा. नातवंडं जड झाली की आपली आपण उतरतात. न्हाईतर सुरतेला जातात." जरा वेळाने म्हणाले, "सुरत काढा. जर्मनीला समजायचं न्हाई."

मी सुरत काढली. मग ते उठून बसले, सदरा झटकला, आणि ज्यासाठी इतकी वर्षं हे चाललं होतं ते मला सांगितलं.

"मॅडम, तो दगड कुनी बसवला? नातवंडांनी. कवा? म्हातारी मेल्यावर, म्हंजे ती मोठी झाल्यावर. बरं, दगडावर जागा किती? एवढीशी. म्हातारीबद्दल लिवायला काय कमी असंल? दान केलं असंल, सैपाक चांगला असंल. त्यांनी काय लिवलं? आमी हिला तुडवलं. म्हंजे त्यांना याद हुतं. पोरपणी पाठीवर चढल्यालं मोठेपणी बी याद हुतं." त्यांनी पत्राच्या कागदाकडे बोट केलं. "ती बाई हो म्हनली तर याद हुतं. न्हाई म्हनली तर मंग त्यांनी नुसती माती दाबली."

पत्र त्याच दिवशी गेलं.

उत्तर यायला सहा आठवडे लागले. तेवढ्यात मास्तरांनी माझ्याकडून बत्तीस वेळा मेल उघडून घेतली. मोजून सांगते, कारण मी वहीत रेघा ओढत होते. शेवटी बाईंनी छापील पानाचा फोटो पाठवला. त्या क्रियापदासमोर जुना अर्थ होता, शत्रूला आणि शेताला तुडवणं. त्याखाली नवी ओळ होती: नातवंडांनी वडीलधाऱ्यांची पाठ पायांनी चेपणं. खाली टीप होती की ही कल्पना सोलापुरातल्या एका वाचकाची. आणि त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह होतं. एक.

मी तो कागदावर छापून दिला. मास्तरांनी डोळ्यांशी नेऊन पाहिलं. मग चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"एक गेलं," म्हणाले.

"एक राहिलं," मी म्हटलं. मास्तरीणच मी. मग मला वाटलं ते बोलून गेले. "ते इथून काढता येणार नाही, पण तुमच्यापुरतं काढता येईल. श्रावणीला फोन करा. आठवतं का विचारा. पंधरा वर्षांची झाली की आता."

मास्तर हसले. "फोन करतो की. दर ऐतवारी करतो. शाळा, जेवन, पाऊस, समदं इचारतो. हे इचारत न्हाई."

"का?"

"आनि न्हाई म्हनली तर? मंग माझ्या भितीवर बी डागच राहिला." त्यांनी पानाचा फोटो नीट घडी करून पुस्तकात ठेवला. "असू द्या एक, मॅडम. दोनापरीस बरं."

त्या वेळी मला हे भित्रेपणाचं वाटलं. आता वाटत नाही. रेवा, गेल्या आठवड्यात तुझ्याशी बोलताना माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, माझी पाठ आठवते का गं तुला? आणि मी विचारलं हवेबद्दल. आता तर हे सगळं लिहून टाकलं. त्यामुळे तू "हो आजी, आठवतं" म्हणालीस तरी ते तुला आठवतं आहे की या पत्रातून कळलं आहे, हे मला कधीच समजणार नाही. पुरावा मी माझ्या हाताने बिघडवला. मास्तर या कामात माझ्यापेक्षा शहाणे आहेत.

तेव्हा तुम्ही आलात की मास्तरांना वजन सांगा, खरं सांगा, आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसलात तर बटणाखालच्या भिंतीला हात लावू नका. दिवाळीच्या आधी दोन्ही घरांना पुन्हा रंग द्यायचा आहे. कामाची यादी मी केली आहे आणि त्यात तो तुकडा सोडायचं मीच लिहिलं आहे. सलीमभाईंनी ते वाचलं आणि म्हणाले, "अब तुमकू भी समझा."

तिन्ही दगड आहेत. प्रश्नचिन्ह एक आहे. श्रावणीची बोटं आहेत, मी कालच पाहिली. आणि तू धरून लोंबकळायचीस ती आपल्या कपाटाची मूठ अजून सैल आहे.

तुमची,
आजी